अर्ध्या पाण्यातली हाक

हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलंय. काकूनं मला तसबिरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, आणि बाबा शेजारी उभे राहून नुसते हसले. मी त्यांना अजून बाबाच म्हणते. दुसरं काय म्हणणार?

पण आज संध्याकाळच्या बसनं आई येणार आहे. ती इटलीत एका म्हातारीकडे कामाला असते, वर्षातून दोनदा घरी येते. फाटकाशी बॅग टाकते आणि आधी बाबांच्या गळ्यात पडते. आज ती त्यांच्याजवळ जायच्या आत मला तिला अडवायचं आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही, जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून आधी तुम्हाला सांगून बघते. मधे काही विचारू नका, माझा धीर जाईल. तोंडातला पावाचा तुकडा मी काढून या बशीत ठेवलाय. तो कशासाठी, ते कळेलच.

आमच्या अंगणात क्रिस्ताक दोन होते. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं ही आमच्याकडची रीत. पणजोबांच्या दोन्ही मुलांना पहिला मुलगाच झाला आणि दोघांनीही बापाचंच नाव ठेवलं. एक थोरला क्रिस्ताक, म्हणजे माझा चुलतकाका. दुसरा धाकटा क्रिस्ताक, म्हणजे माझे बाबा. घरं समोरासमोर, अंगण एक, विहीर एक. दोघंही गवंडी. समुद्रापलीकडे कॉर्फू बेटावर ग्रीकांच्या बंगल्यांच्या दगडी भिंती बांधायचे आणि शनिवारच्या बोटीनं आमच्याकडच्या सारांडा बंदरात परतायचे.

काकूचं नाव वासिलिका. ती स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला हाक मारायची, "क्रिस्ताक! जेवायला चल रे!" आणि अंगणाच्या दोन कोपऱ्यांतून दोन उत्तरं यायची, "आलो!"

बाबा मुद्दाम ओ द्यायचे.

"तुम्हाला नाही हो भावजी, माझ्या धोंड्याला बोलावतेय."

"मग धोंड्याला वाढाल त्याच ताटात मला वाढा, वहिनी. मीही दिवसभर दगडच फोडलेत."

हे इतक्या वेळा झालं होतं, की कुणी हसायचंही राहिलं होतं. हाक आली की दोघांच्या तोंडून आपोआप "आलो" निघायचं, बस.

काका मला गोगलगाय म्हणायचा. पाहुणे आले की मी दाराआड जायची, म्हणून. "गोगलगाय, पोटात पाय! सगळं बघते आणि बोलत काही नाही." बाबा मात्र मला ओलिंबी म्हणायचे. पूर्ण नाव, शाळेत हजेरी घेतात तसं. आईही तसंच म्हणते.

तीन वर्षांपूर्वी काका परांचीवरून पडून मेला. त्या दिवशी कामावर दोघंच होते. बाबांनीच पोलिसांना सांगितलं, बाबांनीच कॉर्फूला दुसऱ्या दिवशी पुरूनही टाकलं. काकू बोटीनं पोचली तेव्हा मातीसुद्धा सारखी करून झाली होती. तिनं काळे कपडे घातले आणि दर रविवारी बाबांना जेवणाचं ताट पाठवत राहिली. त्याच उन्हाळ्यात बाबांनी समुद्रकाठची ऑलिव्हची बाग विकली. ती दोघांची होती. काका म्हणायचा, "ती मी मेल्यावर विका." आता तिथे हॉटेल आहे. विकताना आईनंही सही केली होती.

या हिवाळ्यात कॉर्फूच्या स्मशानातून निरोप आला, की मुदत संपली, जागा मोकळी करा. तिकडे तसंच असतं. कबर उघडतात, हाडं वाइननं धुतात आणि एका खोलीत रचून ठेवतात, नाहीतर घरचे घेऊन जातात.

"तिथल्याच खोलीत राहू दे की," बाबा म्हणाले. "हाडांना काय, इकडे काय आणि तिकडे काय."

"मला बाईमाणसाला काय कळतंय, भावजी," काकू म्हणाली. "पण मला तो घरी हवा. आणि पेटी उचलायला पुरुष लागेल."

मी गेले, कारण मला ग्रीक येतं.

कबर खणणारा म्हातारा स्पिरो नावाचा होता. बाबांचं नाव विचारल्यावर त्यानं क्रूसावरचं नाव वाचलं आणि दात नसलेलं तोंड उघडून हसला. "आमच्याकडे दगड भिरकावला तर स्पिरोला लागतो, तुमच्याकडे क्रिस्ताकला. देवाला नावंच सुचत नाहीत." बाबा हसले नाहीत. सिगरेट ओढायला ते सुरूच्या झाडांकडे निघून गेले आणि काम होईपर्यंत परत आले नाहीत.

काकू गुडघ्यांवर बसून एकेक हाड धूत होती. मी तांब्यातून वाइन ओतत होते. हाडं पिवळी निघाली तर आत्मा शांत, असं तिकडे मानतात. काकाची पिवळी होती. फक्त कवटी काळपट होती. काकूनं ती हातात घेतली आणि मी ओतलेली वाइन कानाच्या वरून बाहेर आली. तिच्या बाहीवर सांडली.

तिथे भोक होतं.

काकूनं त्यात अंगठा घातला. अंगठा गोल. भोकाचे चारही कोपरे मोकळे राहिले.

"चौकोनी आहे," ती म्हणाली. बाजारात फरशी निवडावी, तसं.

स्पिरो वाकून बघत होता. "पडला म्हणता ना हा?" त्यानं मला विचारलं. मी ते काकूला आमच्या भाषेत सांगितलं.  आमच्या दारामागे बाबांचा हातोडा टांगलेला असतो. एक टोक निमुळतं, दुसरं चौकोनी. लहानपणापासून मी आणि काकू त्यानंच अक्रोड फोडतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कळलं ना तुला?" काकू म्हणाली.

"हो."

"मग आता गप्प राहा. भावजींना बोलाव. पेटी भरली."

बंदरावर कस्टमच्या माणसानं पेटीवर टिचकी मारली. "काय आहे यात?"

"माझा नवरा," काकू म्हणाली. मी भाषांतर केलं.

"कागदपत्रं आहेत त्याची?"

"जिवंत होता तेव्हा नव्हती. आता आहेत."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. त्या माणसानं मान खाली घालून शिक्का मारला.

दुपार होती, पण धुकं इतकं होतं, की बोट सुटताच कॉर्फू पुसून गेलं. आतल्या खोलीत पेटी नेऊ देईनात. एका बाईनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढून आरडाओरडा केला. म्हणून आम्ही तिघं मागच्या डेकवर बसलो. बाकी सगळे आत, टीव्हीसमोर कॉफी पीत होते. डिझेलचा वास येत होता आणि पेटीतून ओल्या वाइनचा. भोंगा वाजला, की आवाज धुक्यात जाऊन परत यायचाच नाही.

काकूनं पावाचा तुकडा तोडून बाबांपुढे धरला.

"काय हे, वहिनी? एवढा मोठा घोडा झालोय मी."

"घोड्याचं नाव क्रिस्ताक आहे ना? मग धरा गालात."

आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे. मेलेल्याला पाण्यावरून नेताना अर्ध्या वाटेवर त्याला एकदा नावानं हाक मारतात. नाहीतर तो मधेच पाण्यात राहतो. त्या वेळी त्याच नावाचा जिवंत माणूस बोटीवर असेल, तर त्यानं तोंडात पाव धरायचा. चुकून ओ जाऊ नये म्हणून. मेलेल्यासाठीच्या हाकेला ओ द्यायची नाही आणि मेलेल्याच्या हाकेलाही नाही. जो ओ देतो, त्याची जागा मेलेला घेतो.

बाबा हसले, पण तुकडा त्यांनी गालात धरला. दाढ सुजल्यासारखा गाल दिसत होता.

आता इंजिनाची घरघर आणि पाण्याची चपचप, एवढंच ऐकू येत होतं. पुढे किनारा नाही, मागे किनारा नाही. काकूनं गाठोडं सोडलं. मेलेल्याच्या नावानं करतात ते उकडलेले गहू होते, साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले. एक मूठ तिनं मला दिली, एक बाबांपुढे धरली.

बाबांनी गालाकडे बोट दाखवलं.

"अर्धं पाणी अजून लांब आहे," काकू म्हणाली. "क्रिस्ताकच्या नावाचे गहू आहेत. नाही म्हणू नये."

त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी पाव काढून रुमालात ठेवला, गहू तोंडात टाकले आणि आमच्याकडे पाठ करून कठड्यावर रेलले. मी बघत होते. काकूनं हात झग्याला पुसले. पेटीवर एक हात ठेवला. आणि हाक मारली. रडवेल्या आवाजात नाही. स्वयंपाकघराच्या दारातून मारायची, तशीच.

"क्रिस्ताक! जेवायला चल रे!"

आणि बाबांनी, तोंडात घास, मान न वळवता म्हटलं, "आलो!"

इंजिन चालू होतं. डेक पायाखाली थरथरत होता. पण मला त्याचा आवाज येईनासा झाला.

बाबा हळूहळू वळले. त्यांनी तोंडावर हात ठेवला, निघून गेलेला शब्द परत आत कोंबावा तसा.

"वहिनी... मी... तुम्ही म्हणालात अजून लांब..."

"ऐकलं मी," काकू म्हणाली. "त्यानंही ऐकलं."

टक्.

आवाज पेटीतून आला. दगडावर हातोडा बसतो तसा. बाबांच्या कानाची पाळी फाटली आणि मानेवर रक्त आलं. त्यांच्याजवळ कुणीही नव्हतं.

टक्. त्यांचं तोंड लोखंडी कठड्यावर आपटलं. दोन दात डेकवर पडून माझ्या पायाशी घरंगळत आले. टक्. गुडघा उलट्या बाजूला वाकला आणि ते खाली आले. मी ओरडले, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

"सोड... सोड रे, क्रिस्ताक! बाग... बाग परत देतो..."

काकू त्यांच्यापाशी उकिडवी बसली. "तुमच्याकडे पाठ होती का त्याची, भावजी?"

"...हो."

"काय करत होता तो?"

"जेवत... जेवत होता. घास होता तोंडात..." बाबा रडत होते. ओठांवरच्या रक्तात गव्हाचे आणि डाळिंबाचे दाणे चिकटले होते. "त्याला सांगा, वहिनी... तुमचं ऐकतो तो..."

"नाही ऐकत," काकू म्हणाली. "कधीच नाही ऐकलं."

बाबा माझ्याकडे सरपटत आले. माझा बूट त्यांनी धरला. "ओलिंबी..." मी त्यांच्या कोटाला धरून दोन्ही हातांनी ओढलं. तेवढ्यात बुटावरची त्यांची बोटं एकेक करून चेचली जायला लागली. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. अक्रोड फोडतात तशी, घाई न करता. काकूनं माझं मनगट धरून मला मागे खेचलं. कोट माझ्या हातात आला, बाबा तिथेच राहिले.

"बघू नकोस," काकू माझ्या कानात म्हणाली. मग म्हणाली, "नाही. बघ."

शेवटचा आवाज मोठा नव्हता. कानाच्या वर, डोक्याच्या बाजूला. केसांमध्ये एक चौकोन आत गेला आणि त्यातून रक्त उसळलं. डेकच्या फटीफटींतून ते बोटीच्या कडेला गेलं आणि समुद्रात पडलं. बाबांचे डोळे उघडेच होते.

मग इंजिनाचा आवाज परत आला. बोटीवरचा एक खलाशी दार उघडून बाहेर आला. "काय झालं इथे?"

"घसरला," काकू म्हणाली.

खलाशी वाकला. आणि बाबा उठून बसले.

झोपेतून उठावं तसे. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, रक्त गेलं, खाली जखम नव्हती. त्यांनी उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली. तोंडातला घास सावकाश चावला आणि गिळला. गिळताना त्यांचा गळा दुखतोय असं वाटलं.

"पाणी द्या," ते खलाशाला म्हणाले. "घास अडकला होता. केव्हाचा."

"जरा बेतानं प्यायची, दादा," खलाशी म्हणाला आणि हसत पाणी आणायला गेला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोट छातीशी धरून उभी होते. ते गालात हसले.

"काय गं, गोगलगाय? पोटात पाय?"

काकू डोक्याचा काळा रुमाल तोंडावर घेऊन रडायला लागली. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच रडत होती.

सारांडाला उतरताना पेटी त्यांनी एकट्यानं उचलली. पण आता ती जड झाली होती, खांदा वाकला. टॅक्सीत ती माझ्या मांडीला टेकून होती. पत्रा गरम होता. आणि वळणावर गाडी हलली, की आत काहीतरी पत्र्याला नखं लावत होतं.

दुसऱ्या दिवशी गावात पुरलं. सगळं गाव आलं होतं. लोक बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, भावाला घरी आणलंस, पुण्य लागेल. पेटी खड्ड्यात सोडली. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते आणि मधे श्वास घ्यायला थांबले. तेवढ्या वेळात खालून आवाज आला. डब्यात तोंड घालून बोलावं तसा, बारीक.

"ओलिंबी..."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. खड्डा बुजवणाऱ्याचं फावडं हवेत थांबलं होतं, म्हणजे त्यानंही ऐकलं. पाद्रीबाबा एकदम मोठ्यानं म्हणायला लागले. मी पुढे झाले, तशी काकूनं माझ्या तोंडात पावाचा तुकडा कोंबला आणि तळहातानं तोंड दाबून धरलं. पहिली माती बाबांनी टाकली. मूठभर नाही, फावडंभर. आणि टाकतच राहिले.

हे सगळं मागच्या महिन्यातलं. तेव्हापासून ते काकूच्या टेबलावर जेवतात. माझ्याशी खूप प्रेमानं वागतात, खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी जत्रेतून रिबिनी आणल्या. बाबांनी कधी आणल्या नव्हत्या. पण दारामागचा हातोडा आता दारामागे नसतो. संध्याकाळी तो मांडीवर घेऊन काका अंगणात बसतो, चौकोनी टोक तेलाच्या फडक्यानं पुसतो आणि रोज मला तेच विचारतो.

"गोगलगाय, आई कधी येणार गं तुझी?"

काल काकूनं विचारलं, "तिच्याशी काय काम आहे तुझं?"

"बागेच्या कागदावर तिचीही सही आहे ना," तो म्हणाला. "तिला जेवायला बसव. माझ्याकडे पाठ करून."

 काकूच्या हातातून ताट खाली पडलं.

म्हणून मला आज आईला फाटकातच गाठायचंय. बस वरच्या रस्त्यावर थांबते. तिला आत न आणता तसंच परत बंदरावर न्यायचं, आणि मग सांगायचं. आधी नाही. आधी सांगितलं तर ती हसेल आणि आत येईल.

अंधार पडायला लागलाय. या वेळेला मी रोज पाव तोंडात धरते. कारण दिवेलागणीला खालच्या वाटेवरून, स्मशानाच्या बाजूनं, मला हाक येते. कधी एकदा, कधी बऱ्याचदा. पाव असला की मी गप्प राहू शकते. नाहीतर माणसाचं काही खरं नाही, तोंडातून आपोआप...

"आले!"

आई आली वाटतं. ऐकलंत ना तुम्ही? ओलिंबी म्हणाली, पूर्ण नाव. आईच असं म्हणते. तिचा आवाज जरा बसलाय, प्रवासानं बसला असेल. काका अजून अंगणात आलेला नाही, तेवढ्यात मी पळत जाते. फक्त एक, बस वरच्या रस्त्यावर थांबते आणि हाक मात्र खालच्या... पण कधी कधी ती पुलाशी उतरते आणि खालच्या वाटेनं चालत येते, बॅग जड नसली तर. तसंच असेल. पुन्हा हाक आली. हो गं, आले म्हटलं ना, दार उघ